क्रीटला किती रात्री? बुकिंग करण्याआधी वाचावं

“बेटच आहे ना, दोन रात्री पुरेत!” आमच्याकडे क्रीटच्या सहलीची चौकशी करायला आलेले बहुतेक जण हेच म्हणतात. ग्रीसचंच सँटोरिनी बेट एका दिवसात गाडीने फिरून होतं, म्हणून क्रीटही तेवढंच असेल असं वाटतं. पण क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट, पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर. हेराक्लिओन शहरातून पश्चिमेच्या हानिया शहराला जायला अडीच तास लागतात आणि तिथून एलाफोनिसीच्या किनाऱ्यापर्यंत आणखी दीड तास वळणावळणाचा रस्ता. म्हणून आम्ही सहा रात्री सुचवतो: तीन हानियात, तीन हेराक्लिओनला. दोन हॉटेलं कशाला, असं विचारलं जातं. त्यात आम्हाला जादा काही मिळत नाही, पण तुमचे रोजचे चार-पाच तास गाडीत जात नाहीत.

एलाफोनिसीचं पाणी गुडघाभर, लहान मुलांना निर्धास्त सोडावं असं. शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे वाळूत गुलाबी झाक दिसते. (ती बाटलीत भरून आणायला मनाई आहे, कृपया आणू नये.) चालायची सवय असेल तर सामारियाची घळ चुकवू नका. ओमालोसच्या पठारावरून सकाळी उतरायला लागायचं, सोळा किलोमीटर दगडगोट्यांतून. शेवटाकडे दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की वाट जेमतेम तीन-चार मीटर उरते. खाली आगिया रुमेली गावात समुद्र लागतो. तिथून गाडीरस्ता नाही, बोटीनेच परतायचं. यात पूर्ण दिवस जातो. नोसोसचा मिनोअन (क्रीटच्या प्राचीन संस्कृतीचा) राजवाडा हेराक्लिओनला लागूनच आहे, तो अर्ध्या दिवसात होतो.

आता मुख्य विनंती. व्हिसाची फाइल तयार झाल्यावर क्रीटच्या रात्री कमी करू नका. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच असलेल्या व्हिसाचा) अर्ज ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे करावा लागतो. समजा ग्रीसच्या सहा आणि इटलीच्या पाच रात्री आहेत. क्रीटच्या दोन कापून इटलीला दिल्या, की अर्ज ग्रीसकडे चालत नाही. हॉटेलची व्हाउचरं, दिवसवार कार्यक्रम, अपॉइंटमेंट, सगळं पुन्हा. गेल्या हंगामात एका कुटुंबाच्या बाबतीत नेमकं हेच झालं आणि जून महिन्याची सहल सप्टेंबरवर गेली. म्हणून रात्री नक्की झाल्याची सही घेतल्याशिवाय आम्ही फाइल पुढे नेत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण तो तुमच्याच सोयीसाठी आहे.

हवा मे, जून, सप्टेंबरमध्ये उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि उत्तरेचा जोरदार वारा. दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर त्या सुट्टीत नको: घळ बंद झालेली असते, किनाऱ्यावरची बरीच हॉटेलंही.

शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही. बार्लीच्या कडक रस्कवर किसलेला टोमॅटो, ताजं चीज आणि भरपूर ऑलिव्ह तेल घातलेला ‘दाकोस’ जवळपास सगळीकडे मिळतो. भात भरलेले टोमॅटो मागवताना मात्र खिमा नाही ना, हे विचारून घ्यावं. कुठे काय मागवायचं, याचा ग्रीक शब्दांसह कागद आम्ही सहलीच्या कागदपत्रांबरोबर देतो.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळी झाली की या. येताना घरच्या सगळ्यांच्या रजेच्या तारखा ठरवून या.