‘पोराला तिकडं घेऊन जा’ : सीमाभागातल्या दुखवट्यात मुलांची जागा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं घरात मयत झाली की पहिल्या तास-दीड तासातली कामं न सांगता वाटली जातात. कुणी पाहुण्यांना फोन लावतं, कुणी लाकडं-शेणी बघतं, कुणी तिरडीचं सामान आणतं. एक काम शेजारच्या बाईकडं आपोआप जातं: लहान पोरांना उचलून आपल्या घरी नेणं. ‘पोराला तिकडं घेऊन जा’ हे मायेपोटीच म्हटलं जातं. पण पोर संध्याकाळी परत येतं तेव्हा खाट उभी केलेली असते, आई कोपऱ्यात बसलेली असते आणि आजोबा कुठं गेले हे कुणी धड सांगत नाही. सगळ्यात जास्त प्रश्न ज्याच्याकडं आहेत, त्यालाच उत्तराविना ठेवायची ही सवय जुनी आहे.

मोठ्यांसाठी मात्र परंपरेनं नीट सोय लावली होती. मातीला जाणं, त्या दिवशी घरची चूल न पेटवणं, तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन, दहाव्याचा पिंड, बाराव्या-तेराव्याचं गोड जेवण, मग दुखवटा काढायला येणारे सोयरे, भाद्रपदातला म्हाळ आणि वर्षश्राद्ध. यात अन्न दुसरे आणतात, माणसं रोज येतात, मेलेल्याचं नाव रोज घेतलं जातं, आणि बायका हेल काढून, त्याचे गुण सांगत रडतात. शेजारच्या लिंगायत घरात तत्त्वानं सुतक नाही आणि देह पुरतात. मुसलमानांत शोक तीन दिवसांचा, विधवेची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं पाळायची मुदत, चार महिने दहा दिवसांची. वेळापत्रकं वेगळी असली तरी काम एकच करतात: शोकाला दिवस आणि माणसं नेमून देतात. मुलाचं नाव त्यात एकाच ठिकाणी येतं, थोरला मुलगा म्हणून अग्नी देताना. तेव्हाही त्याला विधी सांगतात, अर्थ सांगत नाहीत.

तान्ह्या मुलांच्या मृत्यूला तर जागाच नव्हती. दात न आलेलं बाळ पुरलं जाई. त्याचं सुतक थोडं, पिंड नाही, वर्षश्राद्ध नाही. बालमृत्यू घरोघरी होते तेव्हा घराला पुढं चालू ठेवणारा हा व्यवहार होता, पण आईला ‘पदरात दुसरं पडेल’ एवढंच ऐकायला मिळे. पाठच्या-पुढच्या भावंडांनी तर ते बाळ पाहिलेलं असे, त्याला खेळवलेलं असे. त्यांच्याशी कुणीच बोलत नसे. आजही बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच बाळ गेलं तर असंच होतं, आणि चार-पाच वर्षांचं भावंड मनात हिशेब मांडतं: मला ते नको होतं, म्हणून ते गेलं. हा हिशेब विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. ‘तुझ्यामुळं काही झालेलं नाही’ हे त्यानं विचारलं नाही तरी, एकदा नव्हे अनेकदा सांगावं लागतं.

साथींनी परंपरेची वीण दोनदा उसवली. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढच्या दोनेक वर्षांत रेल्वेनं बेळगाव-धारवाडकडं सरकला; गावं उठून माळावर झोपड्यांत गेली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं नेली, आणि त्यात २० ते ४० वयाची जास्त होती, म्हणजे लहान मुलांचे आईबाप. पोरकी मुलं चुलत्याकडं, मामाकडं वाढली. खाणंपिणं मिळालं, आईबापाची आठवण काढायची मुभा मात्र घराच्या स्वभावावर राहिली. करोनात, २०२० आणि २०२१ मध्ये, तेच पुन्हा झालं: चेहरा नाही, खांदा नाही, भेटायला येणारे नाहीत. ज्या मुलांनी वडिलांना रुग्णवाहिकेत चढताना पाहिलं आणि नंतर फक्त कलश पाहिला, त्यांच्या मनात मधला भाग कोराच राहिला.

मुलांना शोक होतो की नाही, हा प्रश्न अभ्यासकांनीही उशिरा हाती घेतला. मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९१७ साली शोकावर लिहिलं ते मोठ्यांबद्दल. अमेरिकेत बोस्टनला १९४२ साली एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. त्यातून वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातेवाइकांना तपासून मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमननं १९४४ साली शोकाची शारीरिक लक्षणं नोंदवली: घशात आवंढा, धाप, अंगातली ताकद गेल्यासारखं वाटणं. मुलांकडं वळली ती हंगेरीची मारिया नॉज. १९४८ साली तिनं ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांचं म्हणणं मांडलं. सगळ्यात लहानांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, मधल्यांना कुणीतरी येऊन नेणारा, आणि नऊ-दहाच्या पुढं कळतं की ते कायमचं आणि सगळ्यांना आहे. पुढच्या अभ्यासांनी हे वय खाली आणलं: बहुतेक मुलांना ५ ते ७ या वयात कळतं की मेलेलं परत येत नाही आणि मेलेल्या शरीराला भूक, दुखणं, थंडी लागत नाही. गोठ्यात वासरू मेलेलं पाहिलेल्या खेड्यातल्या मुलाला हे समजावणं सोपंही जातं. त्याच वासरावरून सुरुवात करता येते.

ब्रिटनचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६० च्या सुमारास ठामपणे मांडलं की अगदी लहान मूलही शोक करतं. शब्द नसतात म्हणून तो दिसत नाही. सगळ्यात उपयोगी पुरावा आला तो विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्वरमन यांच्याकडून. आई किंवा वडील गेलेल्या ७० घरांतल्या १२५ मुलांचा माग त्यांनी दोन वर्षं ठेवला. पहिली गोष्ट: मूल कसं सावरेल हे सर्वांत जास्त ठरतं ते मागं राहिलेला पालक कसा उभा आहे यावरून. दुसरी: आईबाप हयात असलेल्या मुलांशी फरक पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त उघड झाला. वर्षश्राद्ध झालं की ‘आता पोर सावरलं’ असं आपण समजतो, नेमक्या त्याच वेळी शाळेतले गुण, झोप, भांडणं बिघडू शकतात. तिसरी: बरीच मुलं गेलेल्याशी मनात बोलत होती, त्याची वस्तू जपत होती, आणि ते आजारपण नव्हतं. यातूनच १९९६ साली ‘नातं तोडणं म्हणजे सावरणं’ ही कल्पना काही अभ्यासकांनी सोडून दिली. आपल्याकडं म्हाळाला पानावर वडिलांच्या आवडीचा पदार्थ वाढणाऱ्या आजीला हे आधीच ठाऊक होतं, असं म्हणायला हरकत नाही.

शोकाचे पाच टप्पे (नाकारणं, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) अनेकांना पाठ असतात. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी ते १९६९ साली मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी. मुलाला त्या पायऱ्यांवर बसवू नये. १९९९ साली श्ट्रोब आणि श्युट या अभ्यासकांनी मांडलेलं चित्र मुलांना जास्त लागू पडतं: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करतो. दहा मिनिटं हुंदके आणि लगेच गोट्या खेळायला पळणं, यात मूल निर्दय नसतं.

बोलताना चुकतं ते शब्दांत. ‘झोपलेत’ म्हटलं की मूल स्वतः झोपायला घाबरतं. ‘गावाला गेलेत’ म्हटलं की एसटीची वाट बघतं, आणि खरं कळल्यावर सांगणाऱ्यावरचा विश्वास जातो. ‘देवाला आवडला म्हणून नेलं’ यातून देवाचीच भीती बसते. रोजच्या माणसानं, शक्यतो आई-वडिलांपैकी जे आहे त्यानं, जवळ बसून दोन-तीन वाक्यांत सांगावं: बाबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांना ते सुरू करता आलं नाही. आता ते परत येणार नाहीत. तुला जेवू घालायला, शाळेला सोडायला मी आणि काका आहोत. मग गप्प बसावं. मूल तोच प्रश्न वीस वेळा विचारतं, उत्तर तेच द्यावं.

स्मशानात न्यायचं का? सहा-सात वर्षांच्या मुलाला आधी काय दिसेल ते सांगून विचारावं आणि त्याचं ‘नाही’ही मानावं. नेलं तर एक माणूस फक्त त्याच्यासाठी हवा, मधूनच परत आणू शकेल असा. मित्राच्या वडिलांना पुरलं आणि आपल्या बाबांना जाळलं, तर त्यांना भाजतं का, हा प्रश्न या मिश्र वस्तीत हमखास येतो. शरीराला आता काहीच जाणवत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. अग्नी देणाऱ्या लहान मुलाचा हात मोठ्यानं धरावा, मडकं का फोडतात ते घरीच सांगावं, कवटीचा विधी त्याला दाखवू नये. दहाव्याला कावळा शिवला नाही की मोठे ‘त्यांची काही इच्छा राहिली’ म्हणतात. मुलाला वाटतं बाबा आपल्यावर रागावलेत. तिथल्या तिथं खुलासा करावा.

आईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं मुलांसमोर होतं तेव्हा त्यांना दिसतो तो आईवरचा हल्ला. सीमेपलीकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढलं. ते कर्नाटकात लागू नाही, पण सोयरीक दोन्हीकडं आहे. भावकीतल्या वडीलधाऱ्यानं आदल्या दिवशी शब्द टाकला तर थांबतं.

मुंडण झालेला मुलगा तेराव्यानंतर शाळेत जातो तेव्हा पोरं हसतात. गुरुजींनी आदल्या दिवशीच वर्गाला कारण सांगावं, पहिला दिवस अर्धा ठेवावा, रडू आलं तर कुठं जाऊन बसायचं ते ठरवून द्यावं. इथं भाषेचीही अडचण असते. १ नोव्हेंबर १९५६ ला हा जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासून कचेरीचा कारभार कन्नडात सरकत गेला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते, मग वारसा, पेन्शन, बँक. आईला कन्नड वाचता येत नाही, म्हणून शाळेत कन्नड शिकणारी बारा वर्षांची मुलगी वडिलांच्या मृत्यूचं कारण स्वतः वाचून सांगते. हे काम गावातल्या दुसऱ्या कुणी जाणत्यानं घ्यायला हवं.

मदत कोणत्या भाषेत मिळते यावरही बरंच ठरतं. मूल रडतं त्याच भाषेत बोलू शकतं. २०२१ साली दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी कर्नाटकानं महिना ३,५०० रुपयांची बालसेवा योजना आणली. पैशाची सोय झाली, बोलण्याची राहिली. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ पासूनच्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कन्नडाबरोबर मराठीही निवडता येते. मुलाची तीव्र ओढ, सुन्नपणा, शाळा-जेवण सोडणं सहा महिन्यांनंतरही रोज टिकून असेल तर तिथं किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडं जावं. २०२२ च्या अमेरिकी निदानपद्धतीत मोठ्यांसाठी हा काळ एक वर्षाचा, मुलांसाठी सहा महिन्यांचाच धरला आहे. ‘मलाही बाबांकडं जायचंय’ असं मूल म्हणालं तर मात्र दिवस मोजू नयेत. जाऊन काय करायचंय, कसं जायचंय, हे शांतपणे लगेच विचारावं. भेटायचंय, एवढंच म्हणत असेल तर ती आठवण आहे. मरायची रीत सांगत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडं न्यावं, आणि तोवर शेतीचं औषध, दोर, गोळ्या कुलपात ठेवून त्याला एकटं सोडू नये.