स्ट्रीमकीपर (सॅल्मनच्या ओढ्यांची राखण)

स्ट्रीमकीपर म्हणजे आपल्या वस्तीतला ओढा दत्तक घेतल्यासारखा सांभाळणारी साधी माणसं, पगार नाही, फक्त थोडं ट्रेनिंग आणि गमबूट. कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि त्याच्याच खाली अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य इथे ही पद्धत चांगली रुजलीय, कारण तिथला सॅल्मन मासा समुद्रातून परत येतो तो दर वेळी मोठ्या नदीतच अंडी घालतो असं नाही, पुष्कळदा तो शाळेच्या मागून नाहीतर दुकानांच्या पार्किंगखालून जाणाऱ्या चार पावलं रुंद ओढ्यात येतो.

आधी एक गोंधळ दूर करू, आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात पण दोघांचं काही नातं नाही. ओळख पटायला वलगणीचे मासे आठवा, पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात उलटे चढणारे, फक्त सॅल्मनचा प्रवास फार लांबचा. गोड्या पाण्यात जन्म, मग समुद्रात काही वर्षं, आणि शेवटी जन्माच्या ओढ्याचा वास ओळखत परत. मादी शेपटीने खडीत खळगा करून अंडी घालते, आणि चिनूक, कोहो, सॉकाय, चम, पिंक या पाचही जातींचे मासे त्यानंतर मरतात. मेलेला मासा अस्वलं, गरुड, किडे खातात आणि समुद्रातला नायट्रोजन काठच्या झाडांपर्यंत पोचतो.

आता या ओढ्याला लागतं काय, तर थंड पाणी, भरपूर ऑक्सिजन आणि स्वच्छ खडी. बांधकामाची माती वाहून आली की खडीच्या फटी बुजतात आणि अंडी आतल्या आत गुदमरतात, काठची झाडं तोडली की पाणी तापतं. कोहोचं पिल्लू तर वर्षभर किंवा जास्त ओढ्यातच राहतं, म्हणजे उन्हाळ्यातले डोह आटले की संपलंच. व्हँकूवर शहरात एकेकाळी सॅल्मनचे 50 च्या आसपास ओढे होते, बहुतेक पाइपात गेले, मस्कीम या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतला मस्कीम क्रीक तेवढा मोठ्या मुश्किलीने टिकला.

माझ्या मते या सगळ्या कामाचा कणा झाडं लावणं किंवा पिल्लं सोडणं हा नाहीये, शेजाऱ्याला गटार कुठे जातं ते समजणं हा आहे. तिथल्या बऱ्याच उपनगरांत रस्त्यावरच्या जाळीतून आत गेलेलं पावसाचं पाणी कुठल्याही प्रक्रियेविना थेट ओढ्यात जातं, त्यामुळे कोणी घरापुढे गाडी धुतली, रंगाचे ब्रश धुतले, स्विमिंग पूलचं क्लोरीनचं पाणी सोडलं की खाली मासे मरतात आणि करणाऱ्याला पत्ताही नसतो. म्हणून मुलं जाळ्यांशेजारी पिवळा मासा रंगवतात आणि घरोघर पत्रकं देतात. बाकी वर्षभर पाण्याचं तापमान मोजणं, प्लास्टिक आणि टायर काढणं, बाहेरून आलेली ब्लॅकबेरीची झुडपं तोडून देशी झाडं लावणं, आणि दगड उलटून किडे मोजणं, कारण स्टोनफ्लाय आणि मेफ्लायच्या अळ्या भरपूर असतील तर पाणी चांगलं आहे असं बिनमशीनचं कळतं.

कॅनडा सरकारचा सॅल्मन वाढवण्याचा कार्यक्रम 1977 मध्ये सुरू झाला आणि त्यातून शाळा मोठ्या प्रमाणावर जोडल्या गेल्या. वर्गात थंड पाण्याची टाकी ठेवतात, हिवाळ्यात अंडी येतात, मुलं रोजचं तापमान लिहून त्याची बेरीज करत जातात, कोहोची बेरीज साधारण 400 ते 500 वर गेली की पिल्लं बाहेर येतात, म्हणजे पाणी 8 अंश असेल तर दोनेक महिने. वसंतात पिल्लं ओढ्यात सोडायची, आणि मग तो ओढा त्या मुलांसाठी नुसता ओढा राहत नाही. व्हँकूवरजवळच्या पोर्ट मूडी गावातल्या मॉसम क्रीकचं काम तर 1976 मध्ये हायस्कूलच्या दोन शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केलं, डिसेंबर 2013 मध्ये तिथली हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवायची जागा, जळाली आणि लोकांनी पैसे आणि श्रम देऊन ती परत उभी केली.

यश दिसायला वेळ लागतो. व्हँकूवरच्या स्टिल क्रीकमध्ये 2012 च्या शरदात जवळपास 80 वर्षांनी चम सॅल्मन दिसले, तेही मोठ्या दुकानांच्या मागच्या पाण्यात, आणि त्यामागे कित्येक वर्षांची साफसफाई, लागवड आणि 2011 मध्ये खालच्या कॅरिबू धरणावर बांधलेली माशांना वर चढायची वाट होती.

पण सगळंच श्रमदानाने सुटत नाही हेही सांगायला हवं. सिएटलच्या लाँगफेलो क्रीकसारख्या ओढ्यांत स्वच्छता करूनही पावसानंतर अंगात अंडी असलेल्या कोहो माद्या तडफडून मरायच्या, कारण सापडलं ते 2020 मध्ये, टायरमधल्या 6पीपीडी नावाच्या रसायनापासून हवेतल्या ओझोनमुळे बनणारं विष. रस्त्याचं पाणी माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं तर कोहो वाचतात हे प्रयोगांत दिसलंय, म्हणून आता पावसाचं पाणी मुरवणाऱ्या बागांचं काम स्वयंसेवकांच्या यादीत वर आलंय, मूळ इलाज मात्र टायर कंपन्यांनी रसायन बदलणं हाच.

शरदात मासे वर आले की स्ट्रीमकीपर काठावर उभे राहून मेलेले मासे मोजतात, मादीने अंडी घातली होती का ते पोट उघडून बघतात आणि मासा तिथेच ठेवतात. आलेल्यांना ते कुत्र्याला दोरी लावायला आणि खडीत पाय न घालायला सांगतात, कारण अंडी वसंतापर्यंत तिथेच असतात आणि वरून काहीच दिसत नाही.