टेक्निकल कम्युनिकेशनमधलं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट : अमेरिकेत अर्ज कोणी करावा, कसा करावा

सुरुवात नावापासून करते, कारण गोंधळ तिथेच होतो. 'ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' म्हणजे पदवी झाल्यावर करायचा छोटा अभ्यासक्रम. साधारण ४ ते ६ विषय, १२ ते १८ क्रेडिट्स (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, एका विषयाला साधारण तीन). मास्टर्सला ३०-३६ क्रेडिट्स लागतात, म्हणजे हे जवळपास त्याच्या निम्मं. नोकरी किंवा लहान मुलं सांभाळून दीड-दोन वर्षांत होतं. शिकवतात ते मॅन्युअल आणि सूचना लिहिणं, संपादन, वापरणाऱ्याला मजकूर कळतो का याची चाचणी, आणि डिटासारख्या (तांत्रिक मजकूर सुटे भाग करून लिहायचं एक मानक) पद्धतीने मजकुराचे तुकडे करून ते पुन्हापुन्हा वापरणं.

अर्ज उघडण्याआधी आपला व्हिसा बघा. हे मी कळकळीने सांगते, कारण भारतातून फोन करणाऱ्या दहापैकी आठ जणी फीपासून सुरुवात करतात आणि व्हिसाचा प्रश्न शेवटी निघतो. हे अभ्यासक्रम बहुतेक ऑनलाइन असतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्याच्या पूर्णवेळ अभ्यासात एका सत्रात ऑनलाइनचा एकच विषय, म्हणजे ३ क्रेडिट्स, धरला जातो. त्यामुळे अशा सर्टिफिकेटसाठी विद्यापीठ आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा फॉर्म) देत नाही, आणि आय-२० नाही तर व्हिसाही नाही. प्रत्यक्ष वर्गात चालणारं एखादं सापडलं, तरी स्टेम ओपीटीची (विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्यांना शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायची परवानगी) दोन वर्षांची मुदतवाढ पदवीवर मिळते, नुसत्या सर्टिफिकेटवर नाही. अमेरिकेत येऊन नोकरी करायचा विचार असेल तर मास्टर्सलाच अर्ज करा. पुण्यात किंवा नाशकात राहून ऑनलाइन शिकायचं असेल तर व्हिसा लागत नाही, फक्त ते विद्यापीठ परदेशात राहणारे विद्यार्थी घेतं का, एवढं ईमेलवर विचारून घ्या.

हे सर्टिफिकेट खरं उपयोगी पडतं ते इथे अमेरिकेत आधीच राहणाऱ्यांना : ग्रीन कार्डवाले, एच-१बीवर नोकरी करणारे, आणि विशेषतः एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या आपल्या मुली. एच-४ वर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकता येतं, वेगळा व्हिसा किंवा आय-२० लागत नाही. काही राज्यांत एक वर्ष वास्तव्य झाल्यावर एच-४ वाल्यांना स्थानिक फीसुद्धा लागू होते, हे प्रवेश कार्यालयाला जरूर विचारा, फरक मोठा असतो. पगारी काम मात्र ईएडी (काम करण्याचं परवानापत्र) असल्याशिवाय करता येत नाही, पगारी इंटर्नशिपही त्यातच आली. जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर आय-७६५ हा फॉर्म भरून ईएडी मागता येतं. ही सोय मे २०१५ पासून आहे.

आता पात्रता. पदवी हवी, विषय कोणताही चालतो. इंजिनिअर, बी.फार्म., इंग्रजी साहित्यवाले, सगळे भेटतात. सरासरी ४ पैकी ३ जीपीए मागतात. जीआरई ही प्रवेश परीक्षा बहुतेक ठिकाणी नाही. अडतं ते आपल्या तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला. काही विद्यापीठांना ती अमेरिकन पदवीच्या बरोबरीची वाटत नाही, काहींना चालते, काही कॉलेजचं नॅक मानांकन बघतात. अर्जाची फी भरण्याआधी हे लेखी विचारा. पुढे एम.ए. किंवा एम.कॉम. झालं असेल तर सहसा प्रश्न मिटतो.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ खातात ट्रान्सक्रिप्ट्स, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या वर्षांच्या अधिकृत गुणनोंदी. विद्यापीठाने ती स्वतः पाठवावी लागतात, किंवा बंद लिफाफ्यात, लिफाफ्याच्या तोंडावर शिक्का मारून. तो लिफाफा तुम्ही कौतुकाने उघडून बघितलात की कागद बाद. डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्या अमेरिकन पदवीशी ताडून बघणाऱ्या संस्थेकडून मूल्यांकन मागितलं असेल तर त्याचे आठवडे वेगळे धरा.

आणि नावाचा घोळ. माझ्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. इथल्या माणसाला त्या सरळ दोन वेगळ्या बायका वाटल्या. माझा अर्ज सात आठवडे पडून राहिला, आणि तोवर जानेवारीचं सत्र हातचं गेलं. विवाह नोंदणी दाखला, मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे तीन कागद पहिल्याच दिवशी जोडा. राजपत्रात नाव बदललं असेल तर तेही.

टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण दोनच वर्षं चालतात. इंग्रजी माध्यमातून पदवी असेल तर कॉलेजचं पत्र देऊन सूट मागून बघा. दोन-तीन शिफारसपत्रं, रेझ्युमे आणि उद्देशपत्र लागतंच.

निर्णय मात्र बऱ्याचदा लेखनाच्या नमुन्यावर होतो, आणि तिथे आपली मंडळी कॉलेजचा निबंध जोडतात. तसं करू नका. दोन पानांच्या सूचना लिहा, एखाद्या खऱ्या वस्तूच्या. मी प्रेशर कुकरची रबरी रिंग बदलण्याच्या लिहिल्या होत्या. पहिल्या खर्ड्यात होतं : 'झाकण उघडा. उघडण्यापूर्वी वाफ पूर्ण गेल्याची खात्री करा.' वाचणारा पहिलं वाक्य वाचून झाकणाला हात घालणार, इशारा नंतर पोचणार. मग क्रम फिरवला : 'गॅस बंद करा. वाफ पूर्ण जाईपर्यंत थांबा. मगच झाकण उघडा.' हे दोन्ही खर्डे मी शेजारी शेजारी ठेवले आणि क्रम का बदलला ते चार ओळींत लिहिलं. तुमची विचार करायची पद्धत दिसते ती अशा ठिकाणी. जुन्या कंपनीचं मॅन्युअल जोडायचं असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या, गोपनीयतेचा करार बहुतेकांनी केलेला असतो.

एक जुना सल्ला आता बाद झाला आहे. १९५३ पासून चालत आलेली या क्षेत्रातल्या लोकांची संघटना, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीमुळे बंद झाली. तिचं सदस्यत्व किंवा शिष्यवृत्ती कुठे सुचवलेली दिसली तर त्यामागे लागू नका.

ऑगस्टच्या सत्रासाठी ट्रान्सक्रिप्ट्सचं काम आदल्या डिसेंबरातच सुरू करा, भारतात कोणी सख्खं माणूस चकरा मारायला असेल तरीसुद्धा. प्रवेशपत्र आलं की एकच प्रश्न लेखी विचारा : ही क्रेडिट्स पुढे तुमच्याच मास्टर्सला धरणार का, आणि किती? उत्तराची ईमेल जपून ठेवा.