रक्तगट एकच निघाला म्हणून स्थळ मोडू नका

लग्नाच्या बायोडेटात उंचीच्या खाली रक्तगट असतो. मुलामुलीचा एकच निघाला की ‘ही तर एकनाड’ म्हणून स्थळ सोडणारी घरं आजही आहेत. खरं तर रक्तगट एक असल्याने काहीही बिघडत नाही. लक्ष द्यायचं ते बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तेव्हा. तिथेही स्थळ सोडायचं कारण नाही. दिवस गेले की डॉक्टरांना लगेच सांगायचं, एवढंच.

पॉझिटिव्ह म्हणजे तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचं प्रथिन असणं. बाळाला ते वडिलांकडून मिळालं आणि बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर आईचं शरीर त्या परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतं. पहिलं बाळ बहुधा तोवर सुखरूप बाहेर आलेलं असतं. पुढच्या खेपेला मात्र ती प्रतिपिंडं वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाच्या पेशी फोडू लागतात. रक्त कमी होतं, जन्मल्यावर कावीळ चढते. कधी बाळ पोटातच दगावतं. (आई ‘ओ’ आणि बाळ ‘ए’ किंवा ‘बी’ असेल तरी कावीळ होऊ शकते, पण ती सहसा सौम्य.)

यावरचा उपाय अगदी उफराटा आहे. ज्या प्रतिपिंडांची भीती, तीच आईला टोचायची! 1960च्या दशकात न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी ही युक्ती स्वतंत्रपणे काढली. बाहेरून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या भटक्या पेशींना परस्पर निकालात काढतात. आईच्या शरीराला शत्रूची ओळखच होत नाही. टोचलेली प्रतिपिंडं काही महिन्यांत विरून जातात. त्यांच्यापैकी न्यूयॉर्कच्या जॉन गॉर्मन यांनी तर 1964 साली हे औषध इंग्लंडला आपल्या भावजयीसाठी धाडलं होतं.

हे ‘अँटी-डी’ इंजेक्शन साधारण 28व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांत देतात. गर्भपातानंतरचं मात्र राहून जातं, आणि तिथेच घात होतो. एकदा आईची स्वतःची प्रतिपिंडं तयार झाली की इंजेक्शनचा उपयोग नाही.

हे औषध बनतं ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं असतात अशा रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवापासून. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी 2018पर्यंत, म्हणजे वयाच्या 81व्या वर्षापर्यंत, तब्बल 1173 वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला. त्यांच्या स्वतःच्या मुलीलाही हेच इंजेक्शन घ्यावं लागलं. आणि गंमत म्हणजे हॅरिसनना सुईची भीती वाटायची. टोचताना ते दर वेळी दुसरीकडे बघायचे.