जुन्या कागदपत्रांच्या डिजिटायझेशनसाठी ब्रिटिश लायब्ररीचं अनुदान: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

खेड्यातल्या ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात बहुतेक वेळा एखादी पेटी असतेच. आत हिशेबाच्या वह्या, पत्रांचे गठ्ठे, दोन-चार हस्तलिखितं, कडा वाळवीने खाल्लेल्या. 'हे स्कॅन करून ठेवायला हवं' यावर कार्यकारिणीचं एकमत होतं आणि पुढची सगळी बैठक स्कॅनर कोणता घ्यायचा यात जाते. अनुदान मिळवायचं असेल तर स्कॅनर सर्वात शेवटी. अर्ज तरतो किंवा बुडतो तो यादीवर आणि संमतीपत्रावर.

ब्रिटिश लायब्ररीचा 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम' २००४ पासून अशा कामांना पैसे देतो. निधी आर्केडिया या धर्मादाय संस्थेचा. भाषेची, लिपीची अट नाही. कागद, ताडपत्र, काचेच्या निगेटिव्ह, जुनी वृत्तपत्रं, ध्वनिमुद्रणं, सगळं चालतं. मात्र साहित्य जुनं हवं, ते नष्ट होण्याचा खरा धोका हवा आणि जतनाची साधनं जिथे तुटपुंजी आहेत अशा ठिकाणचं ते असावं. 'जुनं' म्हणजे आधुनिक औद्योगिक काळ सुरू होण्याआधीचं. त्याला एकच ठरलेलं साल नाही, कारण हा बदल प्रत्येक देशात वेगळ्या वेळी झाला. तुमच्या भागात तो केव्हा झाला, हे अर्जात तुम्हीच पटवून द्यायचं.

कोणतं अनुदान मागायचं

पेटीत नेमकं काय आहे हेच माहीत नसेल तर पथदर्शी प्रकल्प. त्याला १५,००० पौंडांपर्यंत रक्कम आणि साधारण वर्षभराची मुदत मिळते. पाहणी, यादी, थोडं नमुना डिजिटायझेशन एवढंच त्यात बसवायचं. संग्रहाची पाहणी आधीच झाली असेल तर मोठा प्रकल्प: १,५०,००० पौंडांपर्यंत आणि दोन वर्षांपर्यंत. पूर किंवा पडकं छप्पर अशी तातडी असेल तर पुन्हा १५,००० पौंडांपर्यंतचं तातडीचं अनुदान आहे. त्यासाठी वार्षिक फेरीची वाट पाहावी लागत नाही. माझं मत विचाराल तर लहान ग्रंथालयाने थेट मोठ्याला हात घालू नये. मालीतल्या जेने या गावच्या हस्तलिखित ग्रंथालयाचं कामही आधी पथदर्शी आणि मग मोठा प्रकल्प, याच वाटेने गेलं.

पात्रता

अनुदान संस्थेमार्फतच येतं. अर्जदार ग्रंथालय, अभिलेखागार, विद्यापीठ किंवा तत्सम संस्थेशी रीतसर जोडलेला असावा आणि ती संस्था पैशांचा हिशेब ठेवू शकणारी असावी. ग्रंथालयाची तेवढी ताकद नसेल तर जवळच्या विद्यापीठाला यजमान संस्था करा आणि ग्रंथालयाला भागीदार. काही देशांत परदेशी निधी घ्यायला सरकारी परवानगी लागते. ती प्रक्रिया अर्जाआधीच सुरू करा, नाहीतर मंजूर झालेले पैसे नुसते लांबून बघत बसाल.

यादी

'जुन्या वह्या, ३ पेट्या' ही यादी नव्हे. अशी लिहा: 'पेटी १. महसुलाच्या वह्या १४, प्रत्येकी सुमारे २०० पानं, पहिल्या आणि शेवटच्या नोंदीचं साल, शेवटच्या पाच वह्यांना ओल.' आता गणित सुरू होतं. १४ वह्यांची २,८०० पानं झाली. एक वही घेऊन तासभर खरोखर छायाचित्रं काढून बघा. तासाला ४० पानं निघाली तर एवढ्याच कामाला ७० तास लागणार, आणि त्यात फाइलींना नावं देणं, तपासणी, बॅकअप धरलेला नाही. माणसं किती, महिने किती, पगार किती, हे सगळं या एका तासावरून निघतं. अंदाजपंचे लिहिलेला आकडा जाणकार परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

संमतीपत्र

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पेटी ग्रंथालयात आहे म्हणजे ती ग्रंथालयाची, असं नसतं. जेनेमध्ये हस्तलिखितांची मालकी घराण्यांकडेच राहिली, ग्रंथालय फक्त सांभाळतं. तुमच्याकडेही एखाद्या घराण्याने कधीतरी 'ठेवा जपून' म्हणून दिलेलं असेल. मालकाकडून लेखी संमती घ्या आणि ती देताना काय होणार आहे ते सरळ सांगा: मूळ कागद देशाबाहेर जाणार नाहीत, डिजिटल प्रती स्थानिक संस्थेत राहतील, एक प्रत ब्रिटिश लायब्ररीकडे जाईल आणि संशोधनासाठी ती इंटरनेटवर कुणालाही मोफत बघता येईल. हे शेवटचं वाक्य गिळू नका. मी मदत करत असलेल्या एका अर्जात थोरल्या भावाने आनंदाने सही केली. धाकट्याला महिनाभराने कळलं, आणि पेटी त्याच दिवशी घरी परत गेली. तेव्हा सह्या सगळ्या वारसांच्या. कुणाची खासगी किंवा धार्मिकदृष्ट्या गोपनीय कागदपत्रं असतील तर ती आधीच वेगळी काढा.

अंदाजपत्रक आणि तांत्रिक बाजू

कॅमेरा, स्टँड, दिवे, हार्ड डिस्क, स्थानिक माणसांचे पगार, प्रशिक्षण, प्रवास हे मागता येतं. संस्थेचा वरखर्च, म्हणजे भाडं-विजेसारखा नेहमीचा खर्च, मिळत नाही, संग्रह विकत घ्यायलाही नाही. बांधलेल्या वहीसाठी सपाट स्कॅनर टाळा, पान दाबताना शिवण तुटते. वरून कॅमेऱ्याने टिपा, शेजारी रंगपट्टी (फोटोतले रंग ताडून बघायची ठरावीक रंगांची पट्टी) ठेवा आणि अंतिम फाइल टिफ स्वरूपात द्या. जेपेग नको, त्यात तपशील कायमचा जातो. फाइलचं नाव आणि यादीतला क्रमांक जुळलाच पाहिजे.

अर्जाचा प्रवास

वर्षातून एकदा अर्ज मागवतात. आधी प्राथमिक अर्ज, त्यातून निवडलेल्यांनाच सविस्तर अर्जाचं बोलावणं येतं आणि निर्णय आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची समिती घेते. सविस्तर अर्जाला वेळ थोडा मिळतो, म्हणून यादी, संमतीपत्रं, यजमान संस्थेचं पत्र आणि साधनांचे दर प्राथमिक टप्प्यावरच तयार ठेवा. संग्रहाचे आठ-दहा फोटो काढून ठेवा, वाळवीचेही. सजवलेली टेबलं दाखवून धोका सिद्ध होत नाही.

पेटीतलं साहित्य विसाव्या-एकविसाव्या शतकातलं असेल, म्हणजे कॅसेट, चळवळीची पत्रकं, स्थानिक नियतकालिकं, तर इथे हट्ट करू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस ग्रंथालयाचा 'मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम' नेमका त्यासाठीच आहे, आणि त्यालाही निधी आर्केडियाचाच. वर सांगितलेली यादी आणि संमतीपत्रं तिथेही कामाला येतात.