जुन्या चेसिसवर उभी केलेली गाडी : कायद्याची पार्श्वभूमी

गाडीच्या नोंदणीसाठी आरटीओत जो अर्ज जातो, त्यावर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलचा छाप लागतो; चेसिस म्हणजे गाडी जिच्यावर उभी असते ती लोखंडी फ्रेम. फ्रेमवरचा चिखल आणि रंग खरवडायचा, लोखंडात पाडलेल्या आकड्यांवर पेन्सिल घासायची आणि चिकटपट्टीने तो छाप उचलून कागदावर लावायचा, ही रीत गॅरेजमधल्या पोरांनाही पाठ असते. अपघातात फ्रेम वाकलेल्या ट्रकखाली भंगारातली दुसरी चेसिस घालून जुन्याच आरसी बुकावर गाडी चालवणारा मालक अडतो तो नेमका इथे, कारण छापावर उमटणारा क्रमांक दुसऱ्याच गाडीचा असतो.

खानदेशात हा प्रश्न वरचेवर निघावा, हे साहजिक आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही मार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. रावेर-यावलची केळी आणि सगळ्या खानदेशचा कापूस ट्रकनेच बाहेर जातो. पूर्वी कंपनीकडून ट्रकची बहुधा नुसती चेसिसच येई आणि तिच्यावर बॉडी बांधण्याचे काम इथले सुतार-वेल्डर करीत; त्यामुळे चेसिस आणि बॉडी या सुट्या वस्तू आहेत, कोणतीही कोणत्याहीवर बसवता येते, अशी समजूत रुजली. ती अप्रामाणिकपणातून आलेली नव्हती, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

1939चा मोटार वाहन कायदाही त्या मानाने सैल होता. नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करण्याआधी अधिकाऱ्याला कळवून त्याची मंजुरी घेणे, एवढीच त्याची अट होती. 1 जुलै 1989पासून लागू झालेल्या 1988च्या कायद्याने कलम 52मध्ये साधारण हीच चौकट ठेवली. खरा बदल झाला तो 2000च्या दुरुस्तीने. उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करायचाच नाही, असे तेव्हापासून कलम सांगते आणि गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल म्हणजे फेरफार, अशी त्याची व्याख्या करते. जानेवारी 2019मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आणलेल्या कलम 182-अ नुसार अशा बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

दरम्यान क्रमांकही बोलका झाला. आजच्या 17 अंकाक्षरी चेसिस क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, म्हणजे एक आणि शून्याशी गोंधळ होत नाही. पहिल्या तीन अक्षरांवरून उत्पादक कळतो. कोणत्या गाडीची फ्रेम कुठे गेली, हे आता संगणकावर शोधता येते.

म्हणून जुनी चेसिस आपला भूतकाळ बरोबर घेऊन येते. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे कलम 55 सांगते. ते झाले नसेल तर त्या क्रमांकावर थकीत कर किंवा फायनान्स कंपनीचा बोजा अजून असू शकतो. नवापूरपलीकडून गुजरातची किंवा पळासनेरपलीकडून मध्य प्रदेशची चेसिस आली असेल, तर तिची मूळ नोंद तिकडच्या कार्यालयात असते आणि ती तपासल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये. चेसिस चोरीच्या गाडीची निघाली आणि तसे मानायला कारण असूनही ती घेतली, असे ठरले, तर पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 411 लागे; 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 317 लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. बिलाशिवाय रोखीने उचललेल्या फ्रेमबाबत स्वतःचा निर्दोषपणा पटवणे फार जड जाते.

मला सर्वांत मोठा धोका विम्याचा वाटतो. पॉलिसीवर छापलेला क्रमांक आणि फ्रेमवरचा क्रमांक जुळला नाही की गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. रस्त्यावर कुणी दगावले, तर भरपाईचा बोजा शेवटी मालकावरच येऊ शकतो आणि एका ट्रकवर घर चालवणाऱ्याला तो शेत विकूनही पेलत नाही.

सप्टेंबर 2021मध्ये केंद्राने नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम आणले. तिथे मोडीत काढलेल्या गाडीचे प्रमाणपत्र मिळते, आणि गाडी चोरीची नाही ना, हे आधीच पाहिले जाते. रस्त्याकडेला जुन्या गाड्या कापून विकणाऱ्या कटिंगवाल्याच्या चिठ्ठीला ते स्थान नाही.