पंचरंगी क्रिकेट सामने आणि मुंबईची वृत्तपत्रे

मुंबईत धर्मवार संघांमध्ये खेळल्या जाणाऱ्या पंचरंगी स्पर्धेवर वृत्तपत्रांत दीर्घकाळ चाललेला वाद. खेळाच्या बातमीत राजकीय भूमिका कशी उतरते, याचे भारतातील हे एक ठळक उदाहरण.

युरोपियन आणि पारशी यांचे सामने आधीपासून होतेच. १९०७ मध्ये हिंदू संघ आल्यावर स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ हा उरलेल्यांचा संघ आल्यावर पंचरंगी. संघांची नावेच धर्माची असल्यामुळे साधा धावफलकही ‘हिंदूंनी मुस्लिमांना हरवले’ अशा भाषेत छापला जाई. त्यासाठी बातमीदाराच्या मनात आकस असण्याची गरज नव्हती.

विरोधाची धार सर्वांत तीव्र होती ती ‘बॉम्बे क्रॉनिकल’ची. फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये सुरू केलेले हे राष्ट्रवादी दैनिक. त्याचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी स्वतः मुस्लिम होते, काँग्रेसचे होते आणि जातीय क्रिकेट बंद व्हावे यावर ठाम होते. क्रीडा संपादक जे. सी. मैत्र यांनी तीच बाजू क्रीडापानावर लढवली. समर्थकांचे म्हणणे वेगळे होते: मैदानावर धर्म एकमेकांना भेटतात, आणि प्रेक्षकांमध्ये दंगे होत नाहीत. हे म्हणणे पोकळ नव्हते. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदूंना अवघ्या एका गड्याने हरवले, तरी शहर शांत राहिले.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू संघ उतरवणाऱ्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटले. सामने थांबावेत असे वाटणाऱ्यांबद्दल आपल्याला सहानुभूती आहे, असे गांधीजींनी सांगितले. कॉलेजांचे किंवा संस्थांचे संघ समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. या निवेदनामुळे विरोधी वृत्तपत्रांच्या हाती मोठे बळ आले.

मात्र या विरोधामागे केवळ तत्त्व होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९३४ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडकाला पंचरंगीएवढी गर्दी कधीच जमत नसे; त्यामुळे ही स्पर्धा बंद पडावी असे वाटणाऱ्यांत क्रिकेटमधले हितसंबंधीही होते. आणि वाचक पंचरंगीचेच होते. १९४३ मध्ये हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांना सांगलीच्या विजय हजारे यांनी ‘द रेस्ट’च्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा करून उत्तर दिले. असा खेळ कोणत्याही वृत्तपत्राला कोपऱ्यात ढकलता आला नसता.

या वादात जातीचा प्रश्न मात्र मागे पडला, आणि ही त्यातली खरी उणीव होय. स्पर्धेत येण्याआधीच, १९०६ मधल्या एका सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवले तेव्हा ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारणावादी साप्ताहिकाने चांभार समाजातील पाळवणकर बंधूंना संघात घेतल्याचे महत्त्व ओळखले होते. तरीही बाळू पाळवणकर यांच्यासारख्या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे आले. ‘हिंदू’ हा संघच आतून किती विभागलेला आहे, हा मुद्दा पंचरंगीविरोधी मोहिमेच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. तिचा सगळा रोख हिंदू-मुस्लिम ऐक्यावर राहिला. १९४६ मध्ये स्पर्धा बंद झाली.